दिस बघायचं काम

जिन्नाक्काच्या घरात दिवस तीनदा मावळायचा.

पहिल्यांदा कॅलेंडरात. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं वाटलेलं ते कॅलेंडर सोप्यातल्या खांबाला टांगलेलं असायचं आणि रोजच्या चौकोनात बारीक अक्षरांत सूर्यास्ताची वेळ छापलेली असायची. तिच्यावर घरात कुणाचा विश्वास नव्हता, कारण त्याच कॅलेंडरावर व्यापाऱ्यानं स्वतःच्या फोटोखाली 'शेतकऱ्यांचा सखा' असंही छापून घेतलं होतं. दुसऱ्यांदा मावळायचा तो भिंतीवरच्या घड्याळात. ते जिन्नाक्काच्या नवऱ्यानं, तवनाप्पानं, बस चुकू नये म्हणून वीस मिनिटं पुढं लावून ठेवलं होतं. बस तरीही चुकायचीच, कारण घड्याळ वीस मिनिटं पुढं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तवनाप्पाला जाऊन अकरा वर्षं झाली. काटे मागं घ्यावेत असं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि तिसऱ्यांदा, खराखुरा, दिवस मावळायचा तवंदीच्या डोंगरामागं. जिन्नाक्का मानायची तो हाच. त्याची शेवटची कड डोंगराआड गेली की तिच्या तोंडात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी ऊन पडेपर्यंत. सोळाव्या वर्षी, लग्न होऊन आली त्या साली, स्तवनिधीला मुनिमहाराजांपुढं हात जोडून घेतलेला नेम. आता ती चौऱ्याऐंशीची होती. बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, येणाऱ्या बाकीच्या बायकाही दिवसाच जेवायच्या, पण आजारपणात औषधापुरती सवलत घ्यायच्या. जिन्नाक्का सवलतीतली नव्हती. कलगोंडा जन्मला त्या रात्री घसा कोरडा पडून तिचा आवाज बसला, तरी तिनं सुइणीकडं पाणी मागितलं नव्हतं. ही गोष्ट कलगोंडा साठ वर्षं ऐकत आला होता, आणि दरवेळी त्याला आपण जरा उजाडल्यावर जन्मायला पाहिजे होतं, असं वाटायचं.

काचबिंदूनं तिची नजर गेली त्याला पाच वर्षं झाली. तरी ती अंगणात बसून तोंडावरच्या उन्हावरनं दिवस ओळखायची. दिवाळीत न्हाणीत घसरून खुब्याचं हाड मोडलं आणि तिची कॉट माजघरात आली. तिथं ऊन पोचत नव्हतं. तेव्हापासून दिवस बघायचं काम कलगोंडाकडं आलं.

रोज संध्याकाळी आतून हाक यायची, "कलगोंडा, दिस हाय काय रं?"

कलगोंडा हातातलं काम टाकून अंगणात जायचा, कपाळावर आडवा हात धरून डोंगराकडं बघायचा आणि आत येऊन सांगायचा, "हाय, आव्वा. दोन हात हाय."

मग कांता, त्याची बायको, सासूला पेज भरवायची. गोळी द्यायची. पुन्हा प्रश्न. पुन्हा अंगण. "एक हात." दोन चमचे पाणी. पुन्हा अंगण. "टेकला." शेवटचा चमचा. मग कलगोंडा उंबऱ्यात उभा राहून सांगायचा, "गेला."

जिन्नाक्का पडल्या पडल्या हात जोडायची, णमोकार मंत्र म्हणायची आणि म्हणायची, "सकाळी." म्हणजे आता जे काय ते सकाळी. आणि तोंड मिटायची.

कलगोंडा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडलेला माणूस. पोरगी राजश्री निपाणीत शाळेत शिकवायची, ती त्याचं ऐकत नव्हती; पोरगा विनय बेंगळुरात, तो फोन उचलत नव्हता. अख्ख्या मुलखात फक्त ह्या एका कामात त्याच्या शब्दाला किंमत होती.

तीही त्यानं एकदा घालवली होती. पौषात म्हातारीला ताप भरला. डॉक्टरची गोळी उशिरा आली, दिवस नुकताच गेला होता. कलगोंडा अंगणात गेला, काळवंडलेला डोंगर बघितला आणि आत येऊन म्हणाला, "हाय, आव्वा. हातभर हाय अजून." तिनं गोळी गिळली. वरनं दोन घोट पाणी प्याली. आणि तेवढ्यात बस्तीत संध्याकाळच्या आरतीची घंटा झाली.

 पुढचे दोन दिवस तिनं काही खाल्लं नाही, प्यालं नाही. तिसऱ्या दिवशी त्याला कॉटजवळ बोलावलं.

"गोळी दिलास त्याचं काय न्हाय," ती म्हणाली. "पर मला आता दिस न्हाय, कलगोंडा. तू सांगतूस त्योच माजा दिस. त्योबी खोटा निघाला तर मी कशाला धरून ऱ्हाऊ?"

साठ वर्षांचा कलगोंडा कॉटच्या पायाशी उभा राहून शाळकरी पोरागत म्हणाला, "पुन्यांदा खोटं न्हाय बोलणार."

"दिसाबद्दल न्हाय बोलणार म्हण. बाकीचं तू बोलतूसच."

"दिसाबद्दल न्हाय बोलणार."

*

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. ह्या दिवसांत आभाळाला काही काम नसतं. तंबाखू कापून घरामागच्या रानात पाला उन्हात पसरलेला होता. अजून दोन उन्हं खाल्ली की उचलायचा. ज्या घरात कांदा-बटाटा येत नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, त्या घरानं तीन पिढ्या तंबाखू पिकवली होती. तवनाप्पाचं म्हणणं असं की, ज्याला जनावरसुद्धा तोंड लावत नाही त्या पिकानं कुणाची हिंसा होणार? माणसाचं काय, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. गावात सगळेच तंबाखूवाले.

आदल्या दिवशी निपाणीचा डॉक्टर येऊन गेला होता. म्हातारीच्या हातावरची कातडी चिमटीत धरून त्यानं सोडली; ती तशीच उभी राहिली.

"पाणी कमी पडायलंय आज्जींना," तो म्हणाला. "तासाला दोन-चार चमचे, चुकवायचं नाही. खरं तर दवाखान्यात आणा. सलाईन लावूया."

"सलाईन रात्रीबी चालू असतंय न्हवं?" जिन्नाक्कानं विचारलं.

"असतं की."

"मग नगं."

डॉक्टरनं कलगोंडाकडं बघितलं. कलगोंडानं कॅलेंडराकडं बघितलं.

तर त्या दिवशी दुपारी म्हातारीचा डोळा लागला. उठवून पाणी द्यायचं कांताच्या जिवावर आलं, म्हणून ती जरा पाला उलटायला मागं गेली. रविवार होता, राजश्रीही घरीच होती, तीही गेली. जरा म्हणता म्हणता दोन तास गेले. चारच्या सुमाराला वारा एकदम पडला. मग तवंदीच्या बाजूनं आभाळ काळं होऊन असं वर आलं की रानातली चिमणी पाखरं पटापट बाभळीत शिरली.

"आहो, ताडपत्री!" कांता ओरडली.

एक ताडपत्री तिघांनी धरली. वाऱ्यानं ती तिघांच्या हातातनं काढून घेतली आणि विहिरीपलीकडं नेऊन टाकली. दुसरी धरली. तिच्या कडेवर दगड ठेवेपर्यंत पहिली गार कलगोंडाच्या कानशिलावर बसली. लिंबाएवढ्या गारा. पाल्याची पानं सुटून वर उडायला लागली, चिमण्यांचा थवा उठावा तशी. राजश्रीच्या पायावर दगड पडला. "आप्पा, सोडा ती, चला आत!" असं म्हणत तिनं बापाला कधी नव्हे तसं धरून ओढलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच त्यानं तिचं ऐकलं.

घरात शिरतात तोवर मागोमाग मारुतीराव शिरला. शेजारचा. एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर झालेला. त्याचं घर म्हणजे नुसतं पत्र्याचं खोपट, ते बाराएक गारांतच वाकलं होतं. एका हातात शेळीची दावण, दुसऱ्या हातानं डोक्यावर धरलेलं घमेलं.

"कलगोंडाण्णा, शेळीला तेवढं ठेवू का आत?" मारुतीराव म्हणाला. "मी बाहीर थांबतो हवं तर."

"ये की रं आत, मरशील बाहीर!" कलगोंडा ओरडला.

शेळीला ह्या घरात यायची ही पहिलीच वेळ. तिनं आल्या आल्या 'शेतकऱ्यांचा सखा' फोटोसकट खायला घेतला. तिला हाकलायला कुणाला सवड नव्हती.

कारण दाराचा कोयंडा तुटला होता. वारा दार आत लोटत होता. कांता आणि राजश्री पाठी लावून, पाय जमिनीत रोवून दार दाबून उभ्या राहिल्या. आणि सोप्यावरच्या पत्र्याचं एक टोक सुटून धाडधाड आपटायला लागलं. माजघरावर कौलं होती, सोप्यावर पत्रा. पत्रा उडाला की वारा आत शिरून कौलं उचलणार, आणि कौलांच्या खाली जिन्नाक्काची कॉट. कलगोंडानं कासरा घेतला, पत्र्याच्या हुकात अडकवला, वाशावरनं खाली घेतला आणि अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळला. मारुतीरावानं मागनं तोच कासरा धरला. हातांच्या सालट्या निघत होत्या. पत्र्यावर गारा अशा वाजत होत्या की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं.

घरातल्या चारी माणसांचे आठी हात गुंतलेले होते. मोकळी होती ती फक्त शेळी.

आणि आतून हाक आली. "कलगोंडाऽ, दिस हाय काय रं?"

"हाय, आव्वा!"

"मग पाणी दे. जीभ लागायलीया टाळ्याला."

"थांब जरा! आलोच!"

पत्र्यानं उचल खाल्ली. कलगोंडाचे पाय जमिनीवरनं सुटले आणि पुन्हा टेकले. "सोडू नगंस, मारुती!"

"सोडत न्हाय, पर तू वजनानं कमी पडायलास!"

"कलगोंडा, दिस हाय काय?"

"हाय म्हटलं की!"

"कांता, पाणी दे गं."

"आत्ती, दार धरलोय, थांबा हं," कांता ओरडली. ते आत पोचलं की नाही कुणास ठाऊक.

पुन्हा हाक. पुन्हा. म्हातारी हट्टानं हाका मारत नव्हती. तिला आता ऐकूच जात नव्हतं. गारांच्या आवाजात तिला तिचा प्रश्नही ऐकू येत नसणार. मागच्या अंगानं पाण्याचा लोंढा आत येऊन त्याच्याबरोबर पाल्याचे तुकडे सोप्यात वाहत आले, वर्षाच्या कष्टाचा चोथा कलगोंडाच्या अनवाणी पायांना चिकटला. कासरा तळव्यात रुतला होता. कानशिलातनं रक्त ओघळून तोंडात आलं होतं.

"कलगोंडाऽ, दिस…"

"गेला!" कलगोंडा ओरडला. "गेला दिस! बुडाला! आता पाणीबिणी काय न्हाय, गप पड!"

ओरडला तो, आणि नेमका त्याच क्षणी गारांचा आवाज थांबला. वारा श्वास घ्यायला थांबावा तसा. त्याचे शब्द सगळ्या घरात नीट ऐकू आले.

दारापाशी कांतानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

 आतून बारीक आवाजात णमोकार. सगळा, सावकाश, एकही शब्द न गाळता.

"बरं केलास, लेकरा," जिन्नाक्का म्हणाली. "खरं सांगितलास. सकाळी."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते. म्हणजे पाचला वीस कमी.

*

वारा उतरायला आणखी पाऊण तास गेला. पाऊस चालूच होता, पण तो आता नुसता पाऊस होता. मारुतीरावानं कासरा खांबाला गुंडाळून गाठ मारली. दार जात्याच्या तळीनं अडवलं. कलगोंडानं हात सोडवून बघितले. तळव्यांत कासऱ्याचा पीळ उमटला होता. त्याच हातांनी त्यानं पाण्याची वाटी घेतली आणि माजघरात गेला.

"आव्वा, तोंड उघड. पाणी हाय."

जिन्नाक्कानं मान हलवली. ओठ घट्ट मिटलेले. त्यांवर पांढरी साल धरली होती.

"आव्वा, दिस हाय अजून. मी रागानं बोललो. पत्रा उडत हुता, हात गुतले हुते माजे. गेला न्हाय दिस."

तिनं ओठ तेवढ्यापुरते उघडले. "पौषातबी असंच म्हणालतास. हाय, हातभर हाय."

"त्या वक्ताला खोटं बोललो. आता खरं सांगायलोय."

"मगाशी खरं सांगितलास. आता माया यायलीया तुला," ती म्हणाली. "ये हिकडं." तिनं चाचपत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "भिजलास. डोकं पूस. म्हातारा झालास, सर्दी व्हईल."

कलगोंडा वाटी धरून तसाच बसला. 

मग एकेकानं प्रयत्न केला. मारुतीराव दारातनंच ओरडला, "आक्का, माज्या घड्याळात साडेपाच बी झाले न्हाईत! तीस वर्सं घड्याळ बघून नोकरी केलीया मी!"

"तुजी गाडी कवा येळंवर आलती रं, मारुती?" जिन्नाक्का म्हणाली.

मारुतीरावाला हसू आलं आणि मग त्यानं तोंड फिरवलं.

राजश्रीनं बापाला बाजूला घेतलं. "आप्पा, मोबाइलची बॅटरी लावते तोंडासमोर. ऊन आलं म्हणून सांगते."

"अगं, दिसत न्हाय तिला."

"जवळ धरते. जरा गरम लागतोय तो. आप्पा, नुसतं बघत बसणार काय तुम्ही?"

कलगोंडा काही बोलला नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं त्यानं स्वतःला समजावलं. राजश्रीनं दिवा लावून आज्जीच्या गालाजवळ धरला. "आज्जी, ऊन आलं बघ दारातनं. लागतंय काय?"

जिन्नाक्कानं गाल जरासा उजेडाकडं वळवला. तिच्या सुरकुत्या त्या पांढऱ्या उजेडात पिठासारख्या दिसत होत्या.

"ह्यो दिस थंड हाय गं, राजू," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "तूबी?"

राजश्रीनं दिवा विझवला आणि चुलीपाशी जाऊन बसली. तिकडून नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

कांतानं ओलं फडकं आणून ओठांना लावायला बघितलं. म्हातारीनं मान भिंतीकडं फिरवली. मान फिरवायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. श्वास तोंडानं नाही, नाकानंच, पण कापूस पिंजल्यासारखा घरघरत यायला लागला. डॉक्टरला फोन लावला, लाइन नव्हती. रस्त्यावर झाडं पडली होती.

"अण्णा, दात उचकून वत की चमचाभर," मारुतीराव हळूच म्हणाला. "पाप लागंल ते लागू दे. माज्या नावावर घाल."

कलगोंडानं चमचा हातात घेतला. आईच्या हनुवटीला हात लावला. हनुवटी पाखराच्या हाडागत हलकी होती. दाबली असती तर उघडली असती. अडुसष्ट वर्षांचा नेम. त्यानं चमचा वाटीत ठेवला.

"त्ये जमणार न्हाय, मारुती."

"मग?"

"मग दिस निघाया पायजे."

तो अंगणात जाऊन उभा राहिला. अंगण कसलं, गारांचा खच. त्याला थंडीनं हुडहुडी भरली होती. त्यानं सवयीनं कपाळावर हात आडवा धरला, पावसात धरतात का कोणी, पण धरला, आणि डोंगराकडं बघत राहिला. तीन महिने तो इथं उभा राहून दिवस जाताना बघत होता. निघायची वाट कधी बघितली नव्हती. पश्चिमेला शिशाच्या पत्र्यागत आभाळ. कांता दारातनं दर थोड्या वेळानं आत बघायची आणि त्याच्याकडं बघायची. काही विचारायची नाही. विचारायचा मान फक्त एकाच माणसाचा होता.

सहाला पाच-दहा मिनिटं असतील. डोंगराच्या माथ्यावर आभाळाची कड उचलली गेली. लुगड्याचा काठ उचलावा एवढीच. त्या फटीतनं पहिल्यांदा पिवळी रेघ आली, मग तिरकं, ओलं ऊन अंगणभर सांडलं. गारा चमकायला लागल्या. दिवस डोंगरावर चांगला दीड हात होता.

"आव्वा!" कलगोंडा पळत आत गेला, घसरला, उठला. "निघाला! हाय! दीड हात हाय, आव्वा! चल तू, तूच बघ. तोंडावर घे."

त्यानं तिला गोधडीसकट उचललं, दोन्ही हातांवर. खुबा दुखेल म्हणून गुडघ्यांखालनं हात घातला. वाळल्या पाल्याच्या टोपलीएवढी होती ती. तिचं डोकं त्याच्या गळ्यापाशी आलं. श्वास मानेला लागत होता, कोमट, थांबून थांबून.

"चल, आत्ता पोचतो," तो म्हणाला. "कांता, वाटी घे!"

माजघराच्या उंबऱ्यावर श्वास लागत होता. सोप्यात शेळी आडवी आली, तिला मारुतीरावानं ओढलं. जात्याची तळी राजश्रीनं पायानं सारली. दार उघडलं.

अंगणात भिजल्या तंबाखूचा वास भरून राहिला होता. कलगोंडा उन्हात मधोमध जाऊन उभा राहिला आणि आईचं तोंड डोंगराकडं केलं. ऊन तिच्या कपाळावर पडलं, मिटल्या डोळ्यांवर, ओठांवर.

"लागतंय न्हवं, आव्वा? हे थंड न्हाय. बघ की. हाय न्हवं दिस?"

कांता वाटी घेऊन आली. चमचा ओठांना लावला. ह्यावेळी ओठ मिटलेले नव्हते. पाणी आत गेलं. थोडा वेळ तिथंच राहिलं, मग तोंडाच्या कोपऱ्यातनं बाहेर आलं, हनुवटीवरनं ओघळून कलगोंडाच्या मनगटावर आलं. कांतानं दुसरा चमचा दिला. तोही तसाच आला.

"आहो," कांता म्हणाली.

"दे आणखी."

"आहो, थांबा."

"दिस हाय अजून. दे तू."

कांतानं तिसरा चमचा दिला. मारुतीरावानं डोक्यावरची टोपी काढली.

कलगोंडाला मानेवर आता वाऱ्याशिवाय काही लागत नव्हतं. तरी तो तिला घेऊन तसाच उभा राहिला. ऊन तिच्या तोंडावरनं हलू नये म्हणून थोडा थोडा वळत राहिला.

*

तिला आत नेलं ते कांता, राजश्री आणि मारुतीरावानं. गल्लीतली माणसं गुडघाभर चिखल तुडवत यायला लागली. कुणी म्हणालं, दोन दिवस आधी उचलला असता तर पाला वाचला असता. कुणी म्हणालं, भाग्याची बाई, नेमात गेली. शेवटपर्यंत नेम मोडला नाही. बस्तीतल्या बायकांनी हेच पुन्हा पुन्हा म्हटलं, आणि दरवेळी कांतानं फक्त पदराचा बोळा तोंडाशी धरला.

कलगोंडा आत आला नाही. तो अंगणात उभा होता, कपाळावर हात आडवा धरून.

"पंचनामा हुईल काय, अण्णा, तंबाखूचा?" कुणीतरी येऊन विचारलं.

"एक हात हाय," कलगोंडा म्हणाला.

विचारणारा निघून गेला.

दिवस त्या संध्याकाळी लवकर जाईना. आभाळ धुऊन निघालं होतं. डोंगराची एकेक खाच दिसत होती. ऊन फुटक्या कौलांवर, विहिरीपलीकडच्या ताडपत्रीवर, दावणीच्या शेळीवर सारखंच पडलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात दिवस मावळून गेला. व्यापाऱ्याच्या कॅलेंडरात मावळला की नाही ते शेळीच्या पोटात होतं. कलगोंडा हलला नाही. "टेकला," तो स्वतःशीच म्हणाला. कड पातळ झाली, नखाएवढी झाली, आणि मग नव्हती.

बस्तीत घंटा झाली.

तो आत गेला. बायका बाजूला सरल्या. तो कॉटशेजारी गुडघे टेकून बसला आणि आईच्या कानाशी तोंड नेलं.

"आव्वा," तो म्हणाला. "आत्ता गेला."

त्याचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. सकाळपासून त्यानं काही घेतलं नव्हतं. कांतानं तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला. "आहो, घोटभर तरी घ्या."

कलगोंडानं आईच्या अंगावरची गोधडी नीट केली. तांब्याकडं बघितलं.

"सकाळी," तो म्हणाला.